साक्षीला डाग पडतो का?

लाखनीहून नागपूरला नेऊन मुलानं माझ्या डोळ्याचा फोटो काढवला. निळा प्रकाश टाकला की पडद्याच्या तळच्या पेशींत वयोमानानं साचलेला लिपोफ्युसिनचा गाळ स्वतःच उजळतो. मेलेली जागा काळी दिसते. माझा डाग नेमका मधोमध, भोवती उजळ किनार. डाग पुढे त्या किनारीकडेच पसरण्याचा संभव जास्त, म्हणे.

ज्ञानेश्वरीत बघावी तीच ओवी गायब, शेजारची मात्र दिसते!

‘दृग्दृश्यविवेक’ हा वेदान्तग्रंथ सांगतो: डोळ्याला पाहणारं मन, मनाला पाहणारा साक्षी, त्याला कोणी पाहत नाही. प्रवचनात यावर मान डोलावली होती. आता डोळा खरंच दृश्य होऊन स्क्रीनवर आला. साक्षी निर्मळ असेलही. पण नातीचा चेहरा दिसत नाही याचं दुःख त्याला होत नसेल, तर बाप्पा, तो माझ्या काय कामाचा?