ओझे आणि श्वास

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्हा शिक्षकांना ताणमुक्तीच्या शिबिराला बोलावण्यात आले. आठवड्यातला सुटीचा एकच वार, तोही ताण घालविण्यात खर्ची पडला! डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या, असे व्याख्याते म्हणाले, आम्ही घेतला. खरे सांगायचे तर बरे वाटले. पण डोळे उघडले तेव्हा न भरलेले तक्ते आणि न तपासलेल्या वह्या होत्या तेथेच होत्या.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. माणसाच्या डोक्यावरचे ओझे तसेच ठेवून त्याला नीट श्वास घ्यायला शिकविणे, ही दया म्हणावी की लबाडी?

आमच्या भंडारा जिल्ह्यात श्रमाला तोटा नाही. तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजरुक येथे मँगनीजच्या खाणी आहेत. वरठीला पोलादाचा कारखाना आहे. जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे. तेथे २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला आणि कामगार प्राणास मुकले. दुसऱ्या दिवशी कामावर निघालेल्या माणसाची छाती धडधडली असेल, तर तो काय त्याच्या मनाचा दुबळेपणा?

नुसत्या कष्टाने माणूस खचतो असेही नाही. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. कंबर मोडून जाते, तरी शेजारणीशी बोलत, गात त्या ओळ पुढे नेतात. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली हेच शास्त्राच्या भाषेत मांडले: कामाचा रेटा मोठा आणि त्या कामात आपला शब्द मात्र चालत नाही, तेथे ताण सर्वांत अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये कामाने येणाऱ्या या खचलेपणाला रोग न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले.

मग श्वासाचे वर्ग कितपत उपयोगी? ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. असे वर्ग करणारे आणि न करणारे यांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना जवळजवळ फरक दिसला नाही. येथे २०२५ पर्यंत लागू असलेला आपला १९४८ चा कारखाने कायदा आठवतो. सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नको, मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असे त्यात होते. अडीचशेहून अधिक कामगार असत तेथे उपाहारगृह हवे असे. त्या कायद्याने कामगाराला ‘शांत हो’ म्हटले नाही. मालकाला ‘त्याचा दिवस बदल’ म्हटले.

म्हणून श्वास टाकाऊ ठरत नाही. घरातला मृत्यू, मुलाचे आजारपण ही दुःखे कोणताही मालक उचलू शकत नाही. तेथे घटकाभराची शांती देणारा उपकारच करतो. पण जे ओझे आपणच ठेवले आणि आपल्यालाच उचलता येते, त्याच्याखाली दबलेल्याला शांती शिकविणे ही लबाडी, असे मला वाटते.

हा निवाडा दुसऱ्यांसाठी लिहून मी मोकळा झालो असतो. पण माझ्याच वर्गात एक मुलगा रोज पेंगायचा. ‘जा, तोंडावर पाणी मारून ये,’ असे मी त्याला वर्षभर सांगत आलो. पुढे कळले, त्याची आई हजारी दराने विड्या वळते. रात्री उशिरापर्यंत तो तिच्याजवळ बसून पाने कापतो आणि मग माझा गृहपाठ करतो. माझे ते पाणी आणि व्याख्यात्यांचा तो श्वास, दोन्ही एकाच जातीचे!

विडीचा दर माझ्या हाती नाही. गृहपाठ मात्र होता. आता तो मधल्या सुटीनंतरच्या तासाला माझ्यासमोर लिहून होतो. या दिवाळीच्या सुटीत वर्गातल्या कोणालाच मी गृहपाठ दिलेला नाही. त्या मुलाचा ताण गेला, असे मी म्हणणार नाही. त्यातला माझा वाटा तेवढा मी उतरवून घेतला आहे.