प्रमाण आणि ऋण

वनौषधींचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत दोन तट हटकून पडतात. जुने ते सारे सिद्धच आहे, असे एक पक्ष म्हणतो. प्रयोगशाळेने न पारखलेले ते सारे भाकड, असे दुसरा. आम्हांस दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. कारण दोहोंतही तपासण्याचे श्रम वाचतात.

सर्पगंधेचे उदाहरण घ्यावे. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत ओलसर रानांत वाढणाऱ्या या झुडपाचे मूळ लोक सर्पदंशावर देत, तापावर देत आणि वेड लागलेल्या माणसास शांत करण्यासाठीही देत. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळातील द्रव्ये वेगळी काढून एकास हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे रेसर्पिन हाती लागले. त्याने मेंदूतील सेरोटोनिनचा साठा घटतो, हे १९५५ साली दिसून आले.

मग परंपरा खरी ठरली काय? उन्मादाविषयी ठरली, सर्पदंशाविषयी नाही. विषारी सर्पाच्या दंशावर प्रतिविष हाच उपाय, आणि मुळाच्या भरवशावर दवडलेली घटका प्राणावर बेतते. नैयायिकांनी आप्तवाक्य हे प्रमाण मानले. पण आप्त म्हणजे ज्यास त्या गोष्टीचे यथार्थ ज्ञान आहे तो. एकाच वैदूच्या मुखातून निघालेली दोन वाक्ये म्हणूनच वेगवेगळी पारखावी लागतात. विज्ञानाने स्वतःच्या शोधासही सूट दिली नाही. रेसर्पिनने काही रुग्णांस खिन्नता येते अशा तक्रारी आल्या, अधिक सोयीची औषधे निघाली, आणि ते मागे पडले.

येथवर प्रश्न ज्ञानाचा झाला. नीतीचा प्रश्न याच्या पुढे आहे. मूळ खणले की झाड बहुधा मरते. औषधाचा गुण सिद्ध होताच मागणी वाढली आणि रानातली सर्पगंधा विरळ झाली. ज्यांनी पिढ्यानुपिढ्या ती चाखून, पाहून, चुकून तिचा गुण ओळखला, त्यांची नावे कोठेच नाहीत.

या ऋणाची फेड करण्याचा एक प्रयत्न केरळात झाला. १९८७ साली अगस्त्य पर्वतात काणी वाटाड्यांनी थकवा घालवणारे एक फळ शास्त्रज्ञांस दाखवले. त्यावरून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, आणि परवाना शुल्काचा व स्वामित्वधनाचा निम्मा वाटा काणींस देण्याचे ठरले. त्यासाठी १९९७ मध्ये न्यास स्थापन झाला. सर्व काणींस विचारले होते काय, असा वाद त्यातही उठलाच. तरी ऋण मान्य झाले, हे थोडे नव्हे.

आपल्यापैकी कित्येकांच्या नेमणुका अशाच रानांच्या जिल्ह्यांत होतात. तेथील वैदूचे सांगणे ऐकावे, त्याच्या नावानिशी टिपून ठेवावे आणि पारखणाऱ्यांच्या हाती द्यावे. दंश झालेल्यास मात्र विनाविलंब रुग्णालयात पोचवावे. या दोन कर्तव्यांत आम्हांस कसलाही विरोध दिसत नाही.