टेबलावर कोण उभे राहते

लंडनच्या चेल्सी भागातल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये वॉटर्लूच्या लढाईची एक भलीमोठी प्रतिकृती आहे. १८ जून १८१५ची संध्याकाळ, सातचा सुमार, नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डची अखेरची चढाई. त्या रणांगणावर कथिल-शिशाचे ७० हजारांवर सैनिक उभे आहेत, एकेक जेमतेम नखाएवढा. कॅप्टन विल्यम सायबॉर्न या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०मध्ये हे काम हाती घेतले. ला हे सँत या शेतवाडीत आठ महिने मुक्काम ठोकून त्याने जमिनीचा चढउतार मोजला. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडली: त्या वेळी तुमची पलटण नेमकी कुठे होती, समोर कोण होते, शेतात कोणते पीक होते? मध्येच सरकारने पैसा थांबवला, तेव्हा त्याने उसनवारी करून काम पुढे नेले. १८३८मध्ये पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांना पाहायला खुली झाली आणि तिच्यासाठी गर्दी लोटली.

वाद पेटला होता तो प्रशियन सैन्यावरून. जमवलेल्या साक्षींच्या आधारे सायबॉर्नने सात वाजताच्या रणांगणावर प्रशियन सेनापती ब्ल्यूखरच्या फौजा बऱ्याच पुढे आलेल्या दाखवल्या होत्या. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाला ते मुळीच रुचले नाही. प्रशियन इतके पुढे आलेले दिसले, तर विजय दोघांचा ठरतो आणि गार्डला परतवण्याचे श्रेयही वाटून घ्यावे लागते. अखेर सायबॉर्नने माघार घेतली आणि हजारो प्रशियन सैनिक त्या जमिनीवरून उचलले. युरोपातल्या सर्वांत गाजलेल्या लढाईचा हिशेब असा चिमट्याने बदलला गेला.

लघुसैनिक रंगवणे आणि जमवणे या छंदाविषयी बोलताना मला सायबॉर्नपासूनच सुरुवात करावीशी वाटते. हा छंद म्हणजे खेळ आहे, कारागिरी आहे, जमवण्याची हौस आहे, आणि या सगळ्यात मुरलेली इतिहासाची मांडणीही आहे. टेबलावर कोण उभे राहील आणि कोण राहणार नाही हे रंगवणारा ठरवतो. पुस्तक लिहिणाऱ्याला आपण ज्या कसोटीवर घासतो, तिच्यावर त्यालाही घासले पाहिजे.

छंदाचा विस्तार आज मोठा आहे. १८९३मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या लंडनमधल्या कारखान्याने पोकळ ओतीव सैनिक काढले आणि खेळण्यातला शिपाई मध्यमवर्गाच्या घरात आला. १९६२मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने मोठ्या माणसांना नियम दिले. १९७५मध्ये लंडनमध्ये तिघा मित्रांनी सुरू केलेली गेम्स वर्कशॉप ही कंपनी पुढे नॉटिंगहॅमला स्थिरावली, १९८३मध्ये तिने ‘वॉरहॅमर’ काढला, आणि डिसेंबर २०२४मध्ये ती ब्रिटनच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. तिच्या कल्पित विश्वातले राक्षस आणि अंतराळयोद्धे रंगवणाऱ्यांचे कसब थक्क करणारे आहे. १९८७पासून चालणाऱ्या ‘गोल्डन डेमन’ स्पर्धेतली कामे पाहिली की ते पटते. पण ते योद्धे कोणा खऱ्या मेलेल्या माणसाचे देणेकरी नसतात. मला आस्था आहे ती ऐतिहासिक सैन्ये रंगवणाऱ्यांविषयी, कारण त्यांच्यावर ते देणे असते.

हे काम होते कसे? सध्या बहुतेक सैनिक २८ मिलिमीटरचे असतात आणि हे माप अनेक कारखाने तळपायापासून डोळ्यांपर्यंत घेतात. साच्यातली शिवण कानशीने घासून काढायची, प्राइमरचा पातळ फवारा मारायचा, तो वाळू द्यायचा. मग आतून बाहेर रंगवत यायचे, सकाळी आपण कपडे चढवतो त्याच क्रमाने: आधी त्वचा, मग सदरा, त्यावर कोट, त्यावर पट्टे, शेवटी बंदूक. सपाट रंग बसला की पातळ काळपट तपकिरी वॉश सोडायचा. तो आपोआप घड्यांत आणि खाचांत उतरतो आणि सावली तयार होते. त्यानंतर मूळ रंग थोडा उजळ करून फक्त उंचवट्यांवर फिरवायचा: खांदा, कोपर, गुडघा, कोटाची कड. घोड्याच्या आयाळीला ड्राय ब्रश चालतो, म्हणजे जवळपास कोरड्या कुंचल्याने नुसते चाटून जायचे. चेहऱ्याला ते चालत नाही. नाकाचा शेंडा, गालाचे हाड, हनुवटी, भुवईची कमान यांना एकेक वेगळा स्पर्श लागतो. त्यासाठी कोलिन्स्कीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला हवा, ज्याचे टोक ओले झाल्यावर एका केसावर येते. डोळा सर्वांत अवघड. पांढरा ठिपका, त्यात गडद ठिपका; तो किंचित सरकला तरी शिपाई घाबरलेला दिसतो किंवा वेडसर.

एका चांगल्या चेहऱ्यात संध्याकाळ सहज जाते. तेवढा वेळ एका अनाम शिपायाच्या तोंडाकडे इतक्या जवळून बघत राहणे, हेच मला या छंदाचे मर्म वाटते. लढाईच्या वर्णनात आपण ‘पलटण पुढे सरकली’ असे वाक्य वाचतो आणि पुढे जातो. ती पलटण रंगवायला बसलेला माणूस पुढे जाऊ शकत नाही. पुढच्या चोविसांचे पट्टे अजून व्हायचे असतात.

ज्यांना खरोखरचे युद्ध करायचे होते, त्यांनी हे चेहरे टाळले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. प्रशियात बॅरन फॉन रायस्वित्स यांनी १८१२मध्ये राजाला युद्धखेळाचे एक टेबल सादर केले. त्यांच्या मुलाने, जो तोफखान्यातला अधिकारी होता, १८२४मध्ये नियमांना पक्के रूप दिले: १:८०००चा नकाशा, फासे, निवाडा करणारा पंच, आणि सैन्याच्या जागी लाल-निळे ठोकळे. सेनाप्रमुख फॉन म्युफलिंग यांनी खेळ पाहिला आणि तो सैन्यभर पसरवला. शिकवणुकीसाठी ठोकळाच सोयीचा. तो किती पावले मागे हटेल, त्यातली किती माणसे कमी होतील, एवढेच मोजायचे असते. त्याला गालाचे हाड असते, तर मोजणारा अडखळला असता.

म्हणून रंगवणाऱ्याच्या मनात युद्धाविषयी तिटकारा आपोआप उपजतो, असे मात्र मी म्हणणार नाही. एच. जी. वेल्स यांचे उदाहरण तसे म्हणू देत नाही. १९१३मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहिले. त्यात स्प्रिंगच्या तोफेने खेळण्यातले शिपाई पाडण्याचे नियम आहेत, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती शहाणपणाचे, असा कळकळीचा युक्तिवादही आहे. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि हेच वेल्स त्याला सर्व युद्धे संपवणारे युद्ध म्हणून उचलून धरत होते. शिवाय त्यांच्या फरशीवरचे शिपाई दुकानातून रंगवूनच येत. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याचे ते रंगकाम लंडनमधल्या बायका घरी बसून, नगावर मजुरी घेऊन करीत. चेहऱ्याकडे बघण्याचा वेळ त्या बायकांच्या वाट्याला आला होता, आणि नगामागे मिळणाऱ्या पैशांत तोही फार नसणार. टक लावून बघणे ही एक संधी असते, त्यातून काय उचलायचे ते बघणाऱ्यावर राहते.

आता असईकडे येतो. जालना जिल्ह्यातले हे गाव. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनची, गाठ पडली. वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने म्हातारपणी आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचे नाव घेतले असे सांगतात. ब्रिटनमधले युद्धखेळाडू असई टेबलावर मांडतात आणि तिच्यासाठी लागणारे मराठी सैनिक तिथले छोटे कारखाने ओततात. आपली लढाई परक्यांच्या बैठकीत मांडली जाते याचे मला वाईट वाटत नाही. ती कशी मांडली जाते, याकडे मात्र माझे बारीक लक्ष असते.

मराठा म्हटला की भालाईत घोडेस्वार, हे चित्र त्यांच्याही डोक्यात आहे आणि आपल्याही. असईत लढाईचा भार पेलला तो कवायती पायदळाने आणि तोफखान्याने. शिंद्यांच्या या पलटणी द बुआन्य या युरोपीय सेनानीने उभ्या केल्या होत्या आणि त्या दिवशी त्या पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या. त्यांतले पुष्कळ शिपाई अवध आणि दुआबातले होते. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रजी फळी अंगावरून पुढे गेली तेव्हा काहीजण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले, आणि उठून त्याच तोफा फळीच्या पाठीवर डागू लागले. वेलस्लीकडचे दीड हजारांवर लोक त्या दुपारी मेले किंवा जखमी झाले. ज्याला असई रंगवायची आहे, त्याने आधी हे गोलंदाज रंगवावेत. झेंडे आणि हत्ती नंतर.

दुसरी बाजूही नीट पाहावी लागते. वेलस्लीच्या सुमारे सात हजारांत हायलँडर्सच्या दोन पलटणी आणि गोऱ्या घोडेस्वारांची एक रेजिमेंट, बाकी बहुतेक मद्रासकडचे शिपाई. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ त्याच्याच बाजूला होते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही कडांना बहुसंख्य चेहरे सावळेच हवेत. रंगाच्या डब्या या कामी फारशी मदत करीत नाहीत. हंब्रोलच्या ६१ क्रमांकाच्या डबीवर त्वचा असे लिहिलेले असते आणि आत गुलाबीसर रंग निघतो. पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश मुलांनी तीच डबी उघडली. सावळी त्वचा स्वतः घोटावी लागते: लालसर तपकिरी बैठक, त्यावर गडद वॉश, आणि उजळवताना पांढऱ्याऐवजी पिवळी माती. पांढरा मिसळला की चेहरा राख फासल्यासारखा होतो. मद्रासी शिपाई, अवधचा शिपाई आणि पेशव्यांचा स्वार यांच्यासाठी तीन वेगवेगळ्या छटा घोटायला बसलेल्या माणसाला ‘इंग्रज विरुद्ध मराठे’ हे तीन शब्दांचे वर्णन पुरेनासे होते.

तरीही एक मोठी पोकळी राहते. त्या काळी दख्खनमध्ये फौज चालायची ती बैलांवर. वेलस्लीचे धान्य वंजाऱ्यांचे तांडे वाहून आणत. त्याची पत्रे वाचली तर तोफांइतकीच चिंता बैलांची दिसते. सैन्यामागून बुणगे चालत: बाजारकरी, पाणके, घोड्यांचे गवत कापणारे, बायका, मुले. लढणाऱ्यांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी मोठी असे. टेबलावर ही माणसे अपवादानेच दिसतात, कारण नियमांत त्यांना गुण नाहीत आणि संग्राहक गुण असलेले सैनिक आधी विकत घेतो. प्रशियन उचलायला सायबॉर्नवर दडपण आणावे लागले. यांना कोणी उचललेही नाही, ती मुळात ठेवलीच गेली नव्हती.

या बाबतीत आपल्याकडची पोरे शहाणी आहेत, असे मी मनापासून म्हणतो. दिवाळीत महाराष्ट्रात अंगणोअंगणी मातीचा किल्ला होतो. दगडविटांवर पोते टाकून माती लिंपतात, अळीव पेरतात, कुंभारवाड्यातून चित्रे आणतात. गडावर सिंहासनाधिष्ठित महाराज, बुरुजांवर पहाऱ्याचे मावळे. आणि पायथ्याशी गाव असते: विहीर, पाणी भरणाऱ्या बाया, भाजीवाली, नांगर धरलेला शेतकरी, बैलगाडी. मातीच्या त्या चित्रांचे रंग भडक असतात, मिशी एका फटकाऱ्यात काढलेली असते. २८ मिलिमीटरवाल्या कारागिराला त्यात शिकण्याजोगे हस्तकौशल्य सापडणार नाही. पण गड कोणाच्या जिवावर उभा आहे, ते त्या मांडणीत दिसते. लढाई तिथे क्वचितच असते, राज्य असते.

असईच्या टेबलावर अशी जागा करायची तर ती खेळातच करावी लागेल, शोभेसाठी कोपऱ्यात दोन बैल ठेवून भागणार नाही. वेलस्लीने लढाईला निघण्याआधी सामानसुमान मागच्या मुक्कामावर ठेवले आणि त्याच्या राखणीला शिपायांची एक पलटण व आणखी काही माणसे सोडली. आधीच अपुऱ्या फौजेतून त्याने ती काढली होती. खेळात बैल, गोण्या, तांड्यातली माणसे रंगवून टेबलाच्या मागच्या कडेला खरोखर मांडली, आणि ती लुटली गेली तर खेळ हरला असा नियम केला, तर इंग्रजांकडून खेळणाऱ्यालाही तीच पलटण मागे सोडावी लागते आणि त्याची फळी तितकीच विरळ होते. आणि मराठ्यांकडून खेळणाऱ्याला त्या दिवशी बव्हंशी बाजूला उभ्या राहिलेल्या शिंद्यांच्या घोडदळाविषयी एक प्रश्न पडतो: हजारो स्वार हाताशी असताना, नदीपलीकडून वळसा घालून ते बैल का गाठले नाहीत?