लाटेवरच्या माणसाला विचारणार कोण?

कॅलिफोर्नियातले हंटिंग्टन बीच ‘सर्फ सिटी’ म्हणून ओळखले जाते. तिथल्या पुळणीला लागूनच, रस्त्याच्या पलीकडे, बोल्सा चिका हे खाऱ्या पाणथळीचे राखीव क्षेत्र आहे. मे 2021 मध्ये तिथे एक ड्रोन एलिगंट टर्न या जातीच्या सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळला. त्या क्षेत्रात ड्रोनला बंदी होतीच. तरी तो आला, पडला आणि अंड्यांवर बसलेले हजारो पक्षी एकदम उठले ते परतलेच नाहीत. किमान 1,500 अंडी वाळूवर तशीच पडून राहिली. ही जात जगात अगदी मोजक्या ठिकाणी वीण करते. बहुतेक पक्षी मेक्सिकोच्या इस्ला रासा या एका छोट्या बेटावर जमतात. म्हणून बोल्सा चिकातला तो हंगाम वाया जाणे हे किरकोळ नुकसान नव्हते. पक्ष्यांच्या लेखी ते यंत्र म्हणजे वरून आलेला शिकारी होता, आणि शिकाऱ्यापुढे वसाहत सोडून देणे एवढाच बचाव त्यांना ठाऊक होता. उडवणाऱ्याने ते मुद्दाम केले असेल असे मानण्याचे कारण नाही. मला काळजी वाटते ती नेमकी याचीच: एवढी हानी व्हायला वाईट हेतू लागला नाही.

ड्रोनच्या नियमांत अंतरे आणि उंची ठरवलेली असते. अमेरिकेत 400 फूट, ऑस्ट्रेलियात 120 मीटर उंची आणि माणसांपासून 30 मीटर अंतर, भारतात 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फूट. हे आकडे आवश्यक आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण ते मुख्यतः दोन भीतींतून आले आहेत: वर विमानाशी टक्कर होऊ नये आणि खाली कुणाच्या अंगावर यंत्र पडू नये. सर्फिंगच्या किनाऱ्यावर आणखी एक प्रश्न उभा राहतो. रस्त्यावरच्या माणसाला घरघर ऐकू येते, तो वर बघतो, बाजूला होतो, हात हलवून ‘नको’ म्हणतो. फळीवरच्या माणसाच्या कानात फुटणाऱ्या लाटेचा आवाज असतो, नजर पुढच्या लाटेवर असते, घोट्याला फळीची दोरी बांधलेली असते. उडवणारा किनाऱ्यावर कुठे उभा आहे हे त्याला दिसतही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा ठिकाणी ड्रोन किती दूर ठेवायचा हे खाली जो बाजूला होऊ शकत नाही आणि नकार देऊ शकत नाही, त्याच्याकडे पाहून ठरले पाहिजे. नियमातले अंतर ही किमान मर्यादा आहे. तिच्या आत न शिरणे म्हणजे सौजन्य पाळले असे होत नाही.

समुद्र स्वतःही उडवणाऱ्याची फसगत करतो. सकाळी जमिनीकडून वाहणारा मतलई वारा सर्फरांना हवा असतो, कारण तो लाटेची भिंत सावरून धरतो आणि ती सुबक फुटते. चित्रीकरणाला सर्वांत सुंदर वेळ तीच. पण तोच वारा ड्रोनला पाठीमागून ढकलत आत नेतो. जाताना बॅटरी जेमतेम खर्ची पडते. परतताना वारा समोरून येतो आणि उरलेली बॅटरी पुरत नाही. शिवाय खालचे पाणी सतत हलत असल्यामुळे, जमिनीकडे बघून जागा धरून ठेवणारे संवेदक तिथे भरवशाचे राहत नाहीत. अशा वेळी घाबरून ड्रोन सरळ रेषेत माघारी आणला जातो, आणि ती रेषा बहुधा लाटा फुटतात त्याच पट्ट्यावरून, म्हणजे माणसांच्या डोक्यावरून जाते. ‘माझा ड्रोन तर अडीचशे ग्रॅमचाही नाही’ हे उत्तर इथे अपुरे आहे. हवेचा अडथळा सोडला तर 30 मीटरवरून पडणारी वस्तू हलकी असो की जड, खाली पोचताना ताशी 87 किलोमीटरच्या आसपास वेग घेते. अडथळ्याने तो कमी होतो हे खरे, पण पाण्यात ओणव्या झालेल्या माणसाच्या मानेला त्या फरकाचा फारसा दिलासा नाही.

‘कुणी तक्रार करत नाही, पक्षीही उडत नाहीत, मग त्रास कसला?’ हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्याच्या बाजूने पुरावा आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाणपक्ष्यांच्या चार मीटरपर्यंत ड्रोन नेला तरी बहुतेक वेळा त्यांनी दिसण्याजोगी प्रतिक्रिया दिली नाही. बिचकले ते मुख्यतः ड्रोन थेट डोक्यावरून खाली उतरला तेव्हा. सर्फिंगचे चित्रण करणाऱ्याला नेमका हाच वरून खाली येणारा कोन मोहात पाडतो. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अमेरिकेतल्या मिनेसोटात काळ्या अस्वलांच्या हृदयाचे ठोके नोंदवले गेले. ड्रोन आल्यावर अस्वले बहुतेकदा जागची हललीही नाहीत, आणि तरी ठोके वाढले. एका मादीचे मिनिटाला 41 वरून 162 पर्यंत गेले. शांत बसलेला जीव निवांत आहे असा अर्थ यापुढे काढता येत नाही. माणसाच्या बाबतीत तर तो मुळीच काढू नये. आपल्यावर कॅमेरा रोखला आहे हे जिला पाण्यातून बाहेर आल्यावर कळते, तिचे आधीचे गप्प राहणे म्हणजे होकार नव्हता.

ड्रोन जीवही वाचवतात, हे मान्य करायला मला आनंदच होतो. जानेवारी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेनक्स हेड इथे खवळलेल्या समुद्रात सुमारे 700 मीटर आत अडकलेल्या दोन मुलांपर्यंत जीवरक्षकांच्या ड्रोनने तरंगती पिशवी पोचवली, तीही दोन मिनिटांच्या आत. दोघे तिला धरून किनाऱ्याला लागले. पण तिथे ड्रोन कुणाच्या हाती होता हे पाहिले पाहिजे: किनाऱ्याची जबाबदारी ज्यांची आहे अशा प्रशिक्षित लोकांच्या. पाण्यातल्यांची निकड हेच त्या उड्डाणाचे कारण होते. छंदाच्या चित्रफितीला तो दाखला लागू पडत नाही. उलट आकाशात हौशी ड्रोनांची गर्दी असेल तर बचावाच्या ड्रोनला आणि हेलिकॉप्टरला वाट मिळणे अवघड होते. सर्फरांनाच चित्रफिती हव्या असतात, हेही खरे. मग पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर विचारावे. दहा जणांपैकी एकाने नको म्हटले, तर त्याला टाळून उडवता येईल का ते पाहावे; येत नसेल तर त्या सकाळी ड्रोन पेटीतच राहावा.

गोव्यात मोरजी आणि आश्वेच्या पट्ट्यात आता सर्फिंग शिकवले जाते, आणि मोरजीच्याच वाळूवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. अंडी घालण्यापूर्वी बिचकलेली मादी तशीच समुद्रात परत जाऊ शकते. पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात. ड्रोनसाठीच्या हवाई नकाशावरचे हिरवे, पिवळे, तांबडे रंग मुख्यतः विमानतळ, सीमा आणि मोक्याची ठिकाणे पाहून भरलेले असतात. कासवांचा हंगाम त्यांतून कळत नाही. तो वनखात्याच्या पहारेकऱ्यांना कळतो, मच्छीमारांना कळतो. मावळतीनंतर पुळणीवर ड्रोन नको, आणि दिवसाही घरट्यांच्या कुंपणावर उतरता ड्रोन नको, एवढे तरी या हंगामापुरते पंचायतीने आणि वनखात्याने मिळून ठरवून पाटीवर लिहावे. सर्फिंगच्या शिक्षकांनीही रोज भरती-ओहोटी सांगताना आज कोण, किती वेळ आणि लाटांच्या कोणत्या बाजूला ड्रोन उडवणार आहे हे शिकणाऱ्यांना सांगावे, म्हणजे ‘नको’ म्हणायची संधी त्यांना पाण्यात शिरण्याआधीच मिळेल.