खरा आनंद आणि उसना आनंद



ख्रिस्ती मनुष्यानें सर्व स्थितींत आनंदी असावें, असें आपण उपासनेंत वारंवार ऐकतों, आणि आपल्यापैकीं जे उपदेशक आहेत ते इतरांना तसें शिकवितातहि. मींहि पुष्कळ वर्षें तसें शिकविलें. परंतु हा आनंद म्हणजे नक्की काय, तो धरणें मनुष्याच्या हातीं आहे कीं नाहीं, आणि ज्याचें शेत करपून गेलें त्याला तो सांगण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे, या प्रश्नांचा विचार मीं फारसा केला नव्हता. तो एका म्हातारीनें मला करावयास लाविला.

सन 2015 ची ही गोष्ट आहे. मराठवाड्यांत लागोपाठ दुसऱ्या वर्षीं पावसानें दगा दिला होता. परभणी जिल्ह्यांतील एका लहानशा गांवीं मी मंडळीच्या भेटीस गेलों. ज्या घरीं उतरलों त्यांची चार एकर जमीन. कापूस गेला, तूर गेली, बैलजोडी बाजारांत निघाली. मीं पवित्र शास्त्र उघडलें, पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांतील आनंदाविषयींचा भाग वाचला आणि त्यावर अर्धा तास बोललों. घरधनी मान खालीं घालून ऐकत होता. त्याची आई उंबऱ्याशीं बसली होती. प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, “पाळकसाहेब, लई चांगलं बोललात. पर आमच्या इहिरीत डोकावून पाहिलंत का?”

मी निरुत्तर झालों. उठून तिच्यामागोमाग विहिरीपर्यंत गेलों. तळाशीं चिखल होता आणि त्यांत दोन घागरी भरतील इतकें गढूळ पाणी. आम्ही कांठावर बराच वेळ उभे राहिलों. मग ती म्हणाली, “आता करा प्रार्थना.” तेथें जी प्रार्थना झाली ती फार थोड्या शब्दांची होती, पण घरांत केलेली प्रार्थना माझ्या ओठांतून निघाली होती, आणि ही त्याहून खोल ठिकाणाहून निघाली.

त्या दिवसापासून मला वाटूं लागलें कीं आनंदाचेहि दोन प्रकार आहेत. एक खरा आणि एक उसना. विहिरींत न डोकावतां जो बोलतो त्याचा आनंद उसना. सणाला शेजाऱ्याचें लुगडें नेसून गेलेल्या बाईप्रमाणें तो घटकाभर मिरवतो, आणि सायंकाळीं परत करावा लागतो. मग खरा कोणता?

गणनाच्या पुस्तकांतील बारा हेरांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मोशेनें त्यांना कनान देश पाहण्यास पाठविलें. चाळीस दिवस ते फिरले. देश तोच, नगरांचे तट तेच, धिप्पाड रहिवासी तेच, आणि दोघांनीं काठीवर घालून आणलेला द्राक्षांचा घोसहि तोच. तरी परत आल्यावर दहांनीं एक निकाल दिला आणि कालेब व यहोशवा या दोघांनीं दुसरा. पुष्कळ उपदेशांत असें सांगितलें जातें कीं दहांना केवळ संकट दिसलें आणि दोघांना केवळ द्राक्षें दिसलीं. शास्त्रांत तसें नाहीं. तेथें धिप्पाड लोक नाहींतच, असें कालेब कोठेंहि म्हणाला नाहीं. त्यानेंहि ते पाहिले होते. फरक मापांत होता. दहांनीं शत्रूची उंची आपल्या उंचीशीं ताडून पाहिली, म्हणून ते स्वतःच्याच नजरेंत टोळांएवढे झाले. कालेबानें तीच उंची देवाच्या अभिवचनाशीं ताडून पाहिली.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्या. कालेबाची वृत्ति चांगली होती म्हणून त्याला लगेच कांहीं मिळालें नाहीं. इतरांच्या अविश्वासामुळें त्यालाहि चाळीस वर्षें अरण्यांत चालावें लागलें. यहोशवाच्या पुस्तकांत तो पुन्हां आपल्याला भेटतो तेव्हां त्याचें वय 85 आहे, आणि तो वांटा मागतो तो नेमका त्याच डोंगराळ मुलुखाचा, जेथें ते धिप्पाड लोक राहत होते. मन प्रसन्न ठेवा म्हणजे पीक येईल, कर्ज फिटेल, आजार जाईल, असें सांगणारे प्रचारक हल्लीं खेड्यापाड्यांतून फिरतात. त्यांना कालेबाचीं हीं मधलीं चाळीस वर्षें विचारावीं.

आतां दुसरा प्रश्न. मन आपल्या हातीं असतें काय? या प्रश्नाचें उत्तर शेतकऱ्याला पुस्तकावांचून देतां यावें. पाऊस त्याच्या हातीं नाहीं. बांध त्याच्या हातीं आहे. त्याचप्रमाणें दुःख, भीति आणि राग हे आपल्याला विचारून मनांत येत नाहींत, आणि त्यांच्या येण्याबद्दल देव आपल्याला दोषी धरीत नाहीं. प्रभु येशू स्वतः लाजाराच्या कबरेपाशीं रडला. उन्हाळ्यांत आपली काळी जमीन भेगाळते, पण त्याच भेगांतून पहिल्या पावसाचें पाणी खोलवर जातें. जो रडला त्याचा विश्वास उणा झाला असें नाहीं. मात्र रडून झाल्यावर डोळे कोठें लावावे, जीभ कशी वापरावी आणि पुढचें पाऊल कोणत्या दिशेनें टाकावें, हें बहुतेक वेळां आपल्या हातीं असतें. वृत्ति निवडणें म्हणजे हेंच. भावना निवडणें नव्हे.

याचा एक दाखला आपल्या जिल्ह्यांतच आहे. 18 मे 1972 रोजीं परभणी येथें मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तें वर्ष मोठ्या दुष्काळाचें होतें. वडील मंडळींना आठवत असेल कीं त्या दिवसांत शेतकरी आपलीं शेतें सोडून दुष्काळी कामांवर खडी फोडावयास जात. पुढें या विद्यापीठानें भेंडीचें ‘परभणी क्रांति’ हें वाण काढलें. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा एक रोग आहे. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, आणि सर्व पीक वायां जातें. शास्त्रज्ञांनीं हा रोग नाहींच असें म्हटलें नाहीं, किंवा भेंडी लावणेंच सोडा असेंहि सांगितलें नाहीं. या रोगापुढें टिकाव धरणारी भेंडीच्या कुळांतील एक रानटी जात घेऊन तिचा त्यांनीं शेतांतील भेंडीशीं संकर केला. रोग नीट पाहिल्यावांचून त्याच्यापुढें काय टिकतें हें कळत नाहीं. आशेचें कामहि असेंच चालतें.

मनुष्याच्या जीवनांत हें कसें दिसतें, तें पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून कळेल. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळांत त्यांचे आईबाप व बहीण हीं गेलीं. भाऊ आणि त्या अनवाणी, उपाशी देशभर भटकलीं. 1880 मध्यें भाऊ गेला. 1882 मध्यें पति गेला व पदरीं तान्ही मुलगी राहिली. वैद्यकी शिकावी म्हणून 1883 मध्यें त्या इंग्लंडास गेल्या, तों ऐकूं कमी येत असल्यामुळें तें दार बंद झालें. जीवनाविषयीं कडवट होण्यास इतकें कारण फार थोड्यांना मिळत असेल. त्यांनीं शिक्षिकेचें काम हातीं घेतलें, अमेरिकेंत जाऊन लहान मुलांना शिकविण्याची नवी पद्धति पाहिली, आणि 1889 मध्यें मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडलें.

पुढें 1896–97 मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. त्याची वार्ता ऐकून रमाबाईंना आपले उपासाचे दिवस आठवले. त्या आठवणीनें त्या घरांत दडून बसल्या नाहींत. स्वतः तेथें गेल्या, शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि केडगांवच्या माळावर मुक्ति सदन उभें राहिलें. स्वतःची भूक त्या विसरल्या असत्या, तर त्या मुलींचीं तोंडें त्यांना ओळखूं आलीं नसतीं. आणि 1921 मध्यें त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा निवर्तली, तेव्हांहि वृद्ध व बहिऱ्या झालेल्या त्या बाईनें शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम खालीं ठेवलें नाहीं. 5 एप्रिल 1922 रोजीं त्या प्रभूकडे गेल्या, तोंवर तें काम त्यांनीं पुरें करीत आणलें होतें.

परंतु येथें एका मोठ्या चुकीपासून सावध राहिलें पाहिजे. “जें आहे त्यांत समाधान माना,” हें वाक्य ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांना गप्प बसविण्यासाठीं फार वेळां वापरलें गेलें आहे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांना याच वाक्यानें गांवाबाहेर ठेवलें होतें. तें वाक्य शुभवर्तमानाचें नव्हे. फिलिप्पैच्या तुरुंगांत पौल व सीला यांनीं फटके खाल्ले, त्यांचे पाय खोड्यांत अडकविले गेले, आणि तरी मध्यरात्रीं त्यांनीं देवाचीं गीतें गाइलीं. इतकी कथा आपण मुलांना सांगतों व थांबतों. सकाळीं काय झालें? अधिकाऱ्यांनीं गुपचूप निरोप पाठविला कीं यांना सोडून द्या. पौल जागचा हलला नाहीं. आम्ही रोमी नागरिक असतां चौकशी न करतां आम्हांला चारचौघांत मारलें. आतां त्यांनीं स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावें, असें त्यानें कळविलें. आणि त्यांना यावें लागलें.

रात्रीं गाणारा आणि सकाळीं न्याय मागणारा मनुष्य एकच होता. रमाबाईंचेंहि तसेंच. 1897 मध्यें पुण्याच्या प्लेगच्या छावणींत स्त्रियांची होणारी हेळसांड पाहून त्यांनीं वर्तमानपत्रांत उघड पत्र लिहिलें व सरकारचा रोष पत्करला. तेव्हां कोणी तुमची मजुरी बुडविली, पाणवठ्यावर अडविलें, किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून घेतला, तर देवाची स्तुति करा आणि सकाळीं आपला हक्कहि मागा. या दोहोंत विरोध नाहीं.

उपदेशक बंधूंना एक विशेष विनंति आहे. आनंदी वृत्ति ही प्रत्येकानें स्वतःसाठीं निवडावयाची वस्तु आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर लादण्याचा भारा नव्हे. आपल्या भागांत कर्जानें व नापिकीनें खचून कित्येक शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला आहे, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. अशा खचलेल्या मनुष्याला “तुझा विश्वास कमी पडला” असें सांगणें म्हणजे बुडत्याच्या गळ्यांत धोंडा बांधणें होय. एलीया संदेष्टा झुडपाखालीं पडून मरण मागूं लागला, तेव्हां देवानें त्याला प्रथम उपदेश केला नाहीं. झोंप दिली, भाकर दिली, पाणी दिलें. पुन्हां झोंपूं दिलें, पुन्हां जेवूं घातलें. बोलणें झालें तें नंतर, डोंगरावर. तुमच्या मंडळींत कोणी जगणें नकोसें झाल्याचें बोलूं लागला, तर त्याला एकटा सोडूं नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्या घरच्यांना सांगा, त्याला दवाखान्यांत घेऊन जा, सावकाराकडे किंवा बँकेंत त्याच्या सोबतीनें जा. तुमची सोबत हाच त्या दिवसाचा उपदेश.

त्या म्हातारीविषयीं एवढेंच सांगून पुरें करतों. पुढील वर्षीं पाऊस बरा झाला. पण मी ही गोष्ट त्याकरितां सांगत नाहीं. त्याच उन्हाळ्यांत मी पुन्हां त्या गांवीं गेलों, तेव्हां ती टँकरच्या रांगेंत उभी होती. तिच्यापाशीं दोन घागरी होत्या. एक घरची. दुसरी कोणाची, असें मीं विचारलें. शेजारीं नुकतीच बाळंत झालेली एक सून होती, तिला रांगेंत उभें राहवत नव्हतें, तिच्यासाठीं. “आपली इहीर आटली, मग तिची काय भरलेली हाय व्हय?” असें म्हणून ती हंसली.

त्या हंसण्यांत उसनें कांहीं नव्हतें. तिनें विहीर पुरती पाहिली होती, आणि मग शेजारणीकडे पाहिलें होतें. पाऊस आला नसता तरी ती दुसरी घागर भरलेलीच राहिली असती. देव आपणां सर्वांना असे डोळे देवो.