सूत्र धरणे आणि सोडणे

पातंजल योगसूत्रांचा तिसरा पाद, म्हणजे विभूतिपाद, उघडला की पहिल्या तीन सूत्रांत धारणा, ध्यान आणि समाधी यांच्या व्याख्या येतात. हे तिन्ही एकाच विषयावर घडले की त्याला संयम म्हणावे, असे चौथ्यात सांगितले आहे. जीभ आवरणे, राग गिळणे हा आपला रोजच्या बोलण्यातला संयम इथे अभिप्रेत नाही. पुढचा जवळजवळ सगळा पाद या एकाच साधनाच्या विनियोगाला दिलेला आहे. सूर्यावर संयम केला की भुवनांचे ज्ञान होते, चंद्रावर केला की ताऱ्यांच्या मांडणीचे, ध्रुवावर केला की त्यांच्या गतीचे. नाभिचक्रावर केला की शरीराची रचना कळते, कंठकूपावर केला की भूक-तहान निवते.

सिद्धींच्या या यादीपाशी वाचकांचे दोन तट पडतात. सुशिक्षित वाचकाला पहिले दोन पाद पटतात, यम-नियम आणि चित्तवृत्ती यांच्यावर तो आनंदाने बोलतो, पण तिसरा पाद त्याला अडचणीचा वाटतो. दुसऱ्या वाचकाला रस असतो तो नेमका याच पादात, कारण इथे काहीतरी मिळणार असते. हे दोघेही फळाकडे पाहतात आणि कृती नजरेआड करतात, असे मला वाटते. विभूतिपाद खरोखर समजून घ्यायचा तर आधी कृती नीट पाहायला हवी. सिद्धी ही समाधीतली विघ्ने आहेत, हा पतंजलींचा इशारा वरून चिकटवलेला नीतिपाठ नाही, तो कृतीच्या पोटातूनच निघतो.

धारणेत चित्त एका ठिकाणी बांधायचे असते. ध्यानात त्याच विषयाचा प्रत्यय तेलाच्या धारेसारखा न तुटता वाहू लागतो. समाधीत तो विषय तेवढा प्रकाशतो आणि चित्ताचे स्वतःचे रूप जणू नाहीसे होते. पहिल्या पायरीवर ‘मी’ लागतो, कारण बांधणारा कोणीतरी हवा. तिसऱ्या पायरीवर मात्र तोच ‘मी’ आड येतो. मी ध्यान करतो आहे, माझे चित्त आता स्थिर झाले आहे, ही जाणीव शिल्लक असेपर्यंत तिसरी पायरी आलेलीच नसते. म्हणजे धरण्याने सुरू होणारी ही क्रिया सोडण्यानेच पुरी होते. जोर लावून समाधी लागत नाही, कारण जोर लावणारा जागेवरच राहतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूत्रांवरचा संयम सामान्य संसारी साधकांना शिकवला जाऊ लागला, तेव्हा ही गोष्ट काही शिक्षकांनी अचूक पकडली. महर्षी महेश योगींनी 1970 च्या दशकाच्या मध्यावर आपल्या भावातीत ध्यानाला सिद्धी-कार्यक्रमाची जोड दिली. पुढे ‘योगानी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अमेरिकी लेखकाने ही रीत खुली करून मांडली. आधी नेहमीचे ध्यान, मन निवळले की प्रेम, तेज, एकत्व, आरोग्य, बल, समृद्धी, प्रज्ञा इत्यादी नऊ सूत्रे एकामागून एक घ्यायची. प्रत्येक सूत्र एकदा अगदी हलके आठवायचे आणि सुमारे 15 सेकंद सोडून द्यायचे, मग पुन्हा एकदा तेच. अर्थाचा विचार करायचा नाही, चित्र रंगवायचे नाही, काही घडले का हे तपासायचे नाही. सेकंदांचा हिशेब आणि सूत्रांची ही यादी पतंजलींची नाही. तरीही मला ही सूचना मूळ ग्रंथाशी प्रामाणिक वाटते. शब्द धरायला सांगून ती तिथेच थांबत नाही, तो शांततेच्या हवाली करायलाही सांगते. ‘मी निरोगी आहे, मी निरोगी आहे’ असे मनाला शंभरदा बजावण्याच्या ज्या पद्धती हल्ली चालतात त्यांची जात निराळी आहे. तिथे शब्द ठोकला जातो आणि मन फळाची वाट पाहत उभे असते.

मात्र शब्द शांततेच्या हवाली करायचा तर आधी शांतता हवी. संयमाचा विनियोग भूमी-भूमीने, टप्प्याटप्प्याने करावा असे पतंजली सांगतात. त्यावर व्यासभाष्य म्हणते की खालची भूमी जिंकल्याशिवाय वरच्या भूमीवर उडी घेता येत नाही, आणि पुढची भूमी कोणती हे योगच शिकवतो. ही सूचना आज सर्वांत जास्त डावलली जाते. ज्याचे मन दहा मिनिटेही निवलेले नाही त्याच्या हाती सूत्रांची यादी दिली की त्याला फक्त स्वतःच्या इच्छांचे पडसाद ऐकू येतात. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होत आली आहेत. तिथे मैत्रीभावना शिकवतात ती दहाव्या दिवशी, मौनात आधी श्वास आणि मग संवेदना पाहून झाल्यावर. ती बौद्ध परंपरा आहे, योगसूत्रांची नव्हे. पण क्रमाचे शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

आता आकाशगमनाच्या सूत्राकडे येऊ. शरीर आणि आकाश यांच्या संबंधावर संयम केल्याने, आणि कापसासारख्या हलक्या वस्तूशी तद्रूप झाल्याने आकाशात संचार करता येतो, असा त्याचा आशय आहे. भाष्यात तर आधी पाण्यावर, मग कोळ्याच्या धाग्यावर, मग किरणांवर आणि शेवटी मनाला येईल तसे आकाशात, असा चढता क्रम दिला आहे. सिद्धी-कार्यक्रमातले सर्वांत गाजलेले अंग याच सूत्राचे. गाद्यांवर पद्मासनात बसलेल्या साधकांच्या उड्या जगाने चित्रफितींत पाहिल्या, हवेत तरंगणे पाहिले नाही. 1993 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सुमारे चार हजार साधक जमले आणि त्यांच्या सामूहिक साधनेने शहरातले हिंसक गुन्हे घटल्याचा दावा झाला. त्या दाव्याच्या संख्याशास्त्रावर पुष्कळ वाद झाला आहे, त्यात मी शिरत नाही. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. उडायला बसलेला माणूस आपण उडतो आहोत का हे पाहणारच. ते पाहणारा जागा असेल तर चित्ताचे रूप शून्य झालेले नसते. म्हणजे फळाची जाहिरात करून शिकवलेला संयम तिसऱ्या पायरीपाशी स्वतःचेच पाय कापतो. त्या साधकांची श्रद्धा खरी होती याबद्दल मला शंका नाही, म्हणून तर हे वाईट वाटते.

समाधीच्या दृष्टीने या सिद्धी विघ्ने आहेत, बाहेर वळलेल्या चित्तालाच त्या सिद्धी वाटतात, असे पतंजली याच पादात सांगतात. यावर एक रास्त आक्षेप घेतात. हे विधान प्रातिभ ज्ञान, दिव्य श्रवण अशा लगतच्या सूत्रातल्या फळांपुरतेच आहे आणि त्यानंतरही ग्रंथकार आणखी कितीतरी सिद्धी सांगत जातात, मग ते सिद्धींच्या विरोधात कसे? संदर्भाचा हा मुद्दा मला मान्य आहे. पण पादाचा उतार पाहावा. संयमाचा विषय सूर्य-चंद्रांकडून शरीराकडे, शरीराकडून हृदय आणि चित्ताकडे, मग भूतांकडे, इंद्रियांकडे आणि शेवटी बुद्धिसत्त्व व पुरुष यांच्यातल्या भेदाकडे सरकत जातो. तिथे सर्वज्ञता येते आणि लगेच पुढच्या सूत्रात तिच्याविषयीही वैराग्य सांगितले आहे. वरच्या स्थानांची निमंत्रणे आली तर त्यांत गुंतू नये आणि गर्वही करू नये, हे त्याच्याही पुढे. यादी इतकी लांब का, याचे उत्तर मला या उतारात दिसते. प्रत्येक फळ सोडल्यावरच पुढचा, अधिक आतला विषय हाती येतो.

मराठी मनाला हे नवे नाही. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून आलेला चांगदेव आणि चालती भिंत आपण लहानपणी ऐकतो. पण त्या कथेत सिद्धीवर मात केली तीही आणखी मोठ्या चमत्कारानेच, आणि आपण तिथेच रमतो. ज्ञानदेवांचे खरे उत्तर 65 ओव्यांच्या पत्रात आहे. त्या पत्राचा सारा विषय द्रष्टा आणि दृश्य हाच आहे, चांगदेवांच्या सामर्थ्याशी त्यात स्पर्धा नाही. ज्ञानदेवांचे अद्वैत पतंजलींच्या प्रकृती-पुरुषांच्या द्वैताहून वेगळे आहे, हा भेद पुसू नये. पण सिद्धीला किती जागा द्यायची, याचे माप दोन्हीकडे सारखे आहे.

मग संयमासाठी कोणते सूत्र घ्यावे? मला विचाराल तर मैत्रीचे. मैत्री आदी भावनांवर संयम केल्याने त्यांचे बल येते, असे पतंजली सांगतात. विभूतींच्या यादीतले हे एक साधेसे सूत्र, त्याची जाहिरात कोणी करत नाही. मैत्रीचे फळ स्वतःवर डोळा ठेवून तपासताही येत नाही, ते कळले तर शेजाऱ्याला, घरच्यांना कळते. तपासणाऱ्या ‘मी’ला इथे कामच उरत नाही, म्हणून सोडणे सोपे जाते.

या सूत्रावरच्या भाष्यातली एक जागा मला फार मोलाची वाटते. पहिल्या पादात चित्तप्रसादासाठी चार वृत्ती सांगितल्या आहेत, सुखी माणसांशी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता आणि पापी माणसांविषयी उपेक्षा. इथे मात्र भाष्य मैत्री, करुणा आणि मुदिता या तीनच घेते. ते कारण देते की उपेक्षा ही भावना नाही, म्हणून तिच्यात समाधी नाही, संयम नाही, आणि म्हणून तिचे बलही नाही. बौद्ध परंपरेने उपेक्षेला चार ब्रह्मविहारांत सर्वांत वरचे, भावना करण्याजोगे स्थान दिले. व्यासांनी ते नाकारले. या वादात मी व्यासांच्या बाजूला आहे. दुर्जनाकडे पाठ फिरवल्याने आपले चित्त गढूळ होण्यापासून वाचते, एवढेच तिचे काम. जिथे धरायला काही नाही तिथे सोडायलाही काही नसते. पाठ फिरवण्याला साधनेचे नाव देऊन तिच्यातून सामर्थ्य मिळवण्याची वाट या ग्रंथाने उघडी ठेवलेली नाही, आणि अन्यायापुढे गप्प बसण्याला ध्यानाचा आधार शोधणाऱ्यांनी हे भाष्य एकदा जरूर वाचावे.