फी, व्याज आणि मुदत



माथेरानचा हंगाम मे महिन्याबरोबर ओसरतो. पाऊस लागला की नेरळहून घाटात जाणारी छोटी गाडी थांबते, पर्यटक कमी होतात आणि घोडा वा टॅक्सीवर चालणाऱ्या घरांची कमाई आटते. नेमक्या याच दिवसांत महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात आणि फी मागितली जाते.

गतवर्षी अशाच एका रात्री, इशाच्या नमाजनंतर, एक घोडेवाले चाचा मशिदीत मागे थांबले. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. फी आठ दिवसांत भरायची होती. त्यांनी विचारले, "मौलाना, व्याजाने पैसे काढले तर गुनाह होईल ना?" व्याज हराम आहे, असे मी सांगितले. "जी," म्हणून ते पावसात निघून गेले.

उत्तर शरीअतनुसार बरोबर होते, पण अपुरे होते. हराम वाट अडवणाऱ्याने हलाल वाट दाखवायला नको का? सूरह अल-बकरामध्ये व्याजाच्या मनाईला लागूनच (2:280) आज्ञा आहे, की कर्जदार अडचणीत असेल तर हात सैल होईपर्यंत त्याला मुदत द्यावी. आणि माफ करणे त्याहून भले. मनाई आणि मुदत शेजारी-शेजारी आहेत. आपण मनाई पाठ केली, मुदत विसरलो.

कोणी म्हणेल, संस्थेलाही खर्च आहेत. खरे आहे. शिक्षकाचा पगार हा त्याचा हक्क आहे. फी मागणे अन्याय नव्हे. परंतु मुदत देणे म्हणजे फी बुडवणे नव्हे. ज्याची कमाई दिवाळीनंतर होते, त्याचे हप्ते दिवाळीनंतर ठेवता येतात. परीक्षा, प्रयोगशाळा, वसतिगृह यांचा वर्षाचा पूर्ण खर्च प्रवेशापूर्वीच सांगता येतो. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच बजावले आहे.

आणि पैसा नसलेल्याकडे श्रम व विद्या असते. बद्रच्या लढाईतील ज्या कैद्यांकडे खंडणी नव्हती, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटावे, अशी सवलत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. शत्रूच्या बाबतीत जे चालले, ते आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत का चालू नये? 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग याच महाराष्ट्रात रुजवला. ग्रंथालयात काम, खालच्या वर्गांना शिकवणी, यांचे मोल फीमध्ये वळते करणे प्रत्येक विद्यापीठाला शक्य आहे.

आता आपल्याविषयी. जो जकातीस पात्र आहे, त्या विद्यार्थ्याला जकात द्यावी. जो पात्र नाही, पण आठ दिवसांत रक्कम उभी करू शकत नाही, त्याच्यासाठी कर्ज-ए-हसना आहे. मशिदीच्या रंगाला आणि मिनाराला आपण चंदा देतो. मग बिनव्याजी कर्जाचा एक निधी प्रत्येक जमातीला जड का व्हावा? आणि गरजूने हात पसरण्याची वाट पाहू नये. स्वाभिमानामुळे न मागणाऱ्यांना ओळखायला कुरआननेच (2:273) शिकवले आहे.

पुढच्या जुम्यानंतर मी चाचांच्या घरी गेलो. मुदत टळली होती. मुलीची जागा दुसऱ्याला गेली होती. चाचांनी व्याजाने पैसे काढले नव्हते. माझे ऐकले होते. त्यांनी आपला फर्ज पाळला. आपला फर्ज मात्र बाकी आहे, आणि पुढचा जून दूर नाही.

अल्लाह आपल्याला तो वेळेवर पार पाडण्याची तौफीक देवो. आमीन.